मामाची मुलगी आणि दोन रेघा

"आमच्या सात पिढ्यांत बहिरं कुणी न्हाई. ही खोट सुनंच्या माहेरची," उंब्रजचे रिटायर सुभेदार माझ्या टेबलावर बोट आपटत म्हणाले.

नातू दोन वर्षांचा, जन्मतः बहिरा. सून सरिता मान खाली घालून बसलेली. रिपोर्ट आला की तिला कायमची माहेरी, आष्ट्याला सोडायची आणि मुलाचं दुसरं लग्न करायचं, असं सुभेदारांनी ठरवून टाकलं होतं. त्या निर्णयाला फक्त सायन्सचा शिक्का हवा होता. मी सांगलीत जेनेटिक काउन्सेलर आहे. शिक्के मारणं माझ्या कामात बसत नाही.

मी दोन्ही घरांचे पेडिग्री चार्ट, म्हणजे वंशावळीचे तक्ते काढले. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजार असेल तर आत रंग. फॉर्मवर 'रक्ताच्या नात्यात लग्न?' याच्यापुढं 'नाही' होतं. सासरी कुणीच बहिरं नाही. माहेरी सरिताचा एक चुलता बहिरा, पण म्हणे लहानपणी तापात कान गेले. मग तो चौकोन मी रिकामाच ठेवला. गाडी तिथंच अडली.

"ताप कसला?" सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. "जन्मापास्नं ऐकू येत नव्हतं त्येला. माझं लगीन मोडंल म्हणून आई तापाचं सांगायची."

"तुमचं लग्न?"

"आवं, माझाच भाऊ त्यो. सरिता माझी भाची."

मी सुभेदारांकडं वळले. "मग नात्यात लग्न नाही, असं का लिहिलंत?"

"मामाची पोरगी केली. आडनाव येगळं, देवक येगळं. रक्ताचं कसं हुईल?"

मी कपाळावर हात मारला. दोन्ही कागद एकमेकांना चिकटवले आणि नवराबायकोमध्ये दोन रेघा ओढल्या. रक्ताच्या नात्यातलं लग्न असं दाखवतात. आता सगळं लख्ख दिसलं. बिघडलेलं जनुक सासूबाईंकडून मुलात आलेलं, त्यांच्या दुसऱ्या भावाकडून, म्हणजे सरिताच्या वडिलांकडून, सरितात. दोघांचं जोडीतलं दुसरं जनुक चांगलं, म्हणून दोघांना ऐकू येतं. नातवाला दोन्हीकडून बिघडलेलंच मिळालं. महिन्याभरानं रक्ताचा रिपोर्टही हुबेहूब तसाच आला. खोटं कशाला सांगू, मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

"म्हंजी माझ्या पोरात बी हाय?" रिपोर्ट ऐकायला सगळे पुन्हा आले, तेव्हा सुभेदारांनी विचारलं.

"निम्मं त्याचं, निम्मं तिचं. यात चूक कुणाचीच नाही."

जाताना आष्ट्याला सोडायचं म्हणून आणलेली सरिताची कपड्यांची पिशवी दारात ठेवलेली होती. सासूबाईंनी ती उचलली. नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी आष्ट्यात थांबवायची न्हाई. सरळ उंब्रजला."

सुभेदार उठले आणि त्यांच्या मागं चालू लागले.

आता आमच्या फॉर्मवर स्वच्छ छापलंय: मामाची मुलगी केली का? आणि येणाऱ्या प्रत्येक घरातल्या सासूबाईंना मी आधी बोलतं करते.