बायजाच्या गुडघ्याचा फोटो

डॉक्टर हरिहररावांचं नाव निघालं की ठाण्यातली जुनी माणसं अजून हात जोडतात. मी जोडत नाही. लोक म्हणतात, अरे सिल्वेस्टर, तू त्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं पट्ट्या बांधल्यास, त्यांचं मीठ खाल्लंस. खोटं आहे. मी मीठ खाल्लं ते कोलशेतच्या बायजाच्या पायांखालून निघालेलं, आणि तिच्याशी मी कसा वागलो हे कोणाला माहीत नाही. म्हणून लिहितो आहे.

बायजा आगरी. खाडीकाठच्या मिठागरावर तिचा सगळा जन्म गेला. मीठ नुसतं उन्हानं पिकतं असं शहरातल्या लोकांना वाटतं. पावसाळ्यात चिखल झालेले वाफे आधी पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावे लागतात, नाहीतर पाणी जिरतं आणि मिठात माती येते. दिवाळीनंतर महिना-दीड महिना हेच काम. दहा-बारा माणसं एका ओळीत, एकमेकांच्या कमरेला धरून, टाचा आपटत पुढे सरकायची, मग वळून मागे. ओळीच्या टोकाला जो असेल त्याच्या टाचेबरोबर सगळ्यांची टाच पडायची. त्या टोकाला बायजा सोळा वर्षं होती. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, दिराच्या घरात एका कोपऱ्यात पथारी. पण मिठागरावर तिची टाच पडल्याशिवाय ओळ हलत नसे. तिला जगात जो काही मान होता तो गुडघ्याखाली होता.

आणि तिथेच दुखणं आलं. डावा गुडघा सुजायला लागला. पहिल्या वर्षी तिनं तो कापडानं आवळून काम केलं. दुसऱ्या वर्षी पाय सरळ होईना, तशी मुकादमानं तिला ओळीतून काढून पाणी भरायला लावलं. सन अठराशे नव्याण्णवच्या पौषात ती टेंभी नाक्याजवळच्या आमच्या धर्मार्थ दवाखान्यात आली. प्लेगाचे दिवस होते. दवाखान्याचं नाव काढलं की माणसं रानात पळायची, आणि ही लंगडत दोन कोस चालून आपणहून आली. माझ्या आईच्या ओळखीची होती, म्हणून मला सिलू म्हणायची.

आता डॉक्टरांविषयी. माणूस हुशार होता, मी नाही म्हणत नाही. पूर्वी गुडघा दुखणारा आला की ते स्वतः खाली बसायचे, सांधा दोन्ही हातांत धरायचे, वाकवायचे, कान लावून करकर ऐकायचे. मग मुंबईहून हाडांचा फोटो काढायचं यंत्र आलं. तारेचं वेटोळं, बॅटऱ्या, पेंढ्यात गुंडाळलेली काचेची नळी, सगळं रेल्वेनं. आता त्याला क्ष-किरण म्हणतात. तेव्हा आमच्या भागात ते कोणी पाहिलंही नव्हतं. डॉक्टरांना आनंद झाला तर त्यात काही गैर नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी माणसाला हात लावणं सोडलं, आणि हे मला तेव्हाही खटकलं होतं.

बायजाचा गुडघा त्यांनी उभ्या उभ्या पाहिला. सूज आहे, कातडी फिकट आहे, आत हाड सडत असावं, फोटोत कळेल, असं तिच्यासमोरच बोलले. सडलं असेल तर पाय मांडीतून काढावा लागेल, हेही बोलले. आठ दिवसांनी ये म्हणाले. तिचा चेहरा पाहायलाही थांबले नाहीत.

ती घरी गेली ती हे ऐकून. घरात तिची जाऊ गोदा. दोघींचं एरवी पटायचं नाही, पण पाय कापणार म्हटल्यावर गोदा तडक गावदेवीकडे गेली. देवीच्या अंगावरचा शेंदूर तेलात कालवून दुखऱ्या जागेला फासायचा आणि अकरा दिवस पाणी लावायचं नाही, अशी त्यांची रीत. गोदानं बोटांनी चांगला जाड थर दिला, वर कापड बांधलं.

फोटोच्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला ती माझ्यासमोर बसली. कापड सोडलं तर गुडघा भगवा. मी ओला बोळा घेतला. तिनं माझं मनगट धरलं आणि अकरा दिवस व्हायचेत म्हणाली. मी ख्रिस्ती माणूस, त्यांच्या देवाच्या गोष्टीत कशाला पडा, असा विचार केला. शिवाय डॉक्टरांनी आम्हाला दहादा सांगितलं होतं की या यंत्राचा उजेड कापडातून, चामड्यातून, लाकडातून आरपार जातो, फक्त हाड आणि धातू त्याला अडवतात. शेंदूर शिशापासून करतात हे मला माहीत नव्हतं. पेठेतल्या कोणत्याही रंगाऱ्यानं सांगितलं असतं. विचारलं कोणी? मी शेंदरावरच नवी पट्टी बांधली आणि गप्प बसलो.

त्या दिवशी डॉक्टरांनी पाहुणे बोलावले होते. मामलेदार, दोन वकील, एक गोदीवाले शेठ. सगळ्यांना चमत्कार दाखवायचा होता, म्हणून डॉक्टरांचा हुकूम असा की पट्टी सोडायची नाही. पट्टी न सोडता आतलं हाड दिसतं, हीच तर गंमत. एका बाईच्या पायाची यांनी गंमत केली. तिला बाकावर आडवं निजवलं, गुडघ्याखाली फोटोची काच ठेवली, वर नळी. पंधरा मिनिटं हलायचं नाही. यंत्र तडतडत होतं, नळी हिरवी उजळत होती, ती डोळे मिटून पडली होती आणि पाहुणे चहा पीत होते. मला अजून त्या चहाचा राग येतो.

दोन दिवसांनी फोटो कागदावर उतरला. पाहुणे पुन्हा जमले. बायजालाही बोलावलं होतं, बरोबर कोणी नव्हतं. डॉक्टरांनी कागद खिडकीच्या काचेला लावला. मांस फिकट, हाडं काळी, आणि बरोबर सांध्यावर मोठा काळाकुट्ट डाग. खाली फाटलेला, वर पसरलेला. डॉक्टरांनी छडीनं दाखवलं. इतकी दाट छाया आपण मुंबईतही पाहिली नाही, म्हणाले. सांध्यात रोगानं घट्ट गोळा धरलाय, हाड गेलेलं आहे, सोमवारी पाय मांडीतून उतरवू. हा फोटो मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेत वाचायच्या निबंधाला जोडणार, असंही सांगितलं. मामलेदारांनी वा म्हटलं.

बायजा उठली. लंगडत खिडकीपाशी गेली आणि तो कागद तिनं खूप वेळ पाहिला. जन्मात तिनं अक्षर पाहिलेलं नव्हतं, हाडाचं चित्र कुठलं. पण तिनं त्या डागावर बोट ठेवलं.

"ह्यो रोग नाय. ही बोटां हान. माजे जावेची," ती म्हणाली. "शेंदूर लावलाय तिना. ह्यां बगा, मधला बोट अर्धाच हाय."

गोदाचं मधलं बोट खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीच्या फळीखाली चेचून अर्धं तुटलेलं होतं. आणि डागाच्या खालच्या कडेला चार पट्टे होते, त्यांतला एक तोकडा. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसले.

डॉक्टर हसले. पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत काही बोलले, तेही हसले. मग तिला समजावलं की हा उजेड लाकडातून जातो, तर तुझ्या शेंदराची काय कथा. तेव्हा बायजानं माझ्याकडे पाहिलं. "सिलू, पट्टी तू बांदलीस. तू सांग."

मी खाली पाहिलं. नोकरी होती, म्हातारी आई होती, समोर मामलेदार होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. मी काही बोललो नाही. ती भिंतीला धरून बाहेर गेली. सोमवारपर्यंत तिला जाऊ देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं आणि बाईला मागच्या खोलीत ठेवलं. प्लेगामुळे दारावर शिपाई होताच, त्याला हेही काम दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी कोलशेतला गेलो. कोणावर जास्त रागावलो होतो, डॉक्टरांवर की स्वतःवर, ते सांगता येत नाही. गोदाला सगळं सांगितलं. ती मला म्हणाली, तू बघितलास ना शेंदूर, मग तोंड शिवलं होतं का तुझं? तिनं आणखी बरंच सुनावलं, ते सगळं ऐकत आम्ही ठाण्याला आलो. शनिवार होता. डॉक्टर खोलीत एकटेच होते, सोमवारची हत्यारं पुसून ठेवत होते. मी परवानगी न विचारता कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि गोदाला म्हटलं, हात ठेव.

तिनं हात ठेवला. फोटोत सगळं जरा मोठं येतं, तरी हात बसला. करंगळी, अनामिका, मग ते अर्धं बोट, मग तर्जनी. डॉक्टर वाकून पाहत राहिले. मी सांगितलं की मी शेंदूर डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यावरच पट्टी बांधली. ते माझ्याकडे न बघता कपाटाकडे गेले, एक जाड पुस्तक काढलं, पानं चाळली, एका जागी थांबले आणि खुर्चीत बसले.

"शिसं," एवढंच म्हणाले.

मला वाटलं आता उठतील आणि तिच्याकडे जातील. नाही गेले. माझ्यावर ओरडले. अडाणी माणसांबरोबर राहून तूही अडाणी झालास, मला तोंडघशी पाडलंस, सभेत हा फोटो नेला असता तर काय झालं असतं, असं बरंच काही. सभेत काय झालं असतं! सोमवारी काय झालं असतं याबद्दल त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. मी तिथेच उलट बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण माझा आवाज चढला होता आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला होता.

दुसरा फोटो काढायचं ठरलं. तर गोदा आडवी आली. अकरा दिवस झाले नव्हते, देवीचा कोप नको होता तिला. बायजानं तिला बाजूला सारलं, माझ्याकडून खोबरेल आणि राख मागून घेतली आणि शेंदूर स्वतःच घासून काढला. देवीशी मी बघून घेईन म्हणाली. आम्हा कोणाला तिनं गुडघ्याला हात लावू दिला नाही. या वेळी पट्टी नव्हती आणि पाहुणेही नव्हते.

फोटो सोमवारीच मिळाला, ज्या दिवशी पाय जाणार होता त्याच दिवशी. डाग नव्हता. दोन हाडांमधली फट एका बाजूला जवळजवळ बुजलेली, कडा खडबडीत, दोन ठिकाणी हाडाला काट्यासारखे कोंब. सडणं कुठेच नाही. झीज आहे, डॉक्टर म्हणाले. वर्षानुवर्षं टाचा आपटून सांधा झिजला. वाफे तुडवणं बंद कर, शेक घे, चालत राहा. हे त्यांना पूर्वी दोन हातांनी पाच मिनिटांत कळलं असतं.

मग त्यांनी नोंदवही उघडून मला लिहायला बसवलं. सांगितलं ते असं: रुग्णाच्या अंधश्रद्धेमुळे पहिला फोटो बिघडला, वैद्याच्या दक्षतेमुळे चूक वेळीच उघडकीस आली. मी लिहिलं. लिहून झाल्यावर ते बायजाला म्हणाले, "बाई, तुझा पाय वाचला. या दवाखान्याचे उपकार मान."

बायजा बाकावरून उठली. दोन्ही हात गुडघ्यावर टेकून आधी नीट सरळ झाली.

"पाय माजाच व्हता," ती म्हणाली. "तुमी कापाला निंगालेले, मी देत नव्हती. उपकार कसला?" मग माझ्याकडे वळली. "काय लिवलास रे, सिलू?"

मी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत वाचलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं, ती रागावलीही नाही.

"माजा नाव लिवलास. आता पट्टी कोनी बांदली ता लिव. आन् पट्टी सोडून कोनी बगला नाय, ताय लिव."

मी दौतीत टाक बुडवला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. पट्टी बांधणारा सिल्वेस्टर, याने शेंदूर पाहिला व सांगितला नाही. पट्टी न सोडता पाय कापण्याचा निर्णय देणारे डॉक्टर हरिहरराव. डॉक्टरांनी वही माझ्या हातून ओढून घेतली, टाक घेतला आणि दुसरी ओळ तीनदा खोडली, कागद फाटेपर्यंत. पहिली तशीच राहू दिली. तोवर गोदाच्या खांद्यावर हात ठेवून बायजा फाटकाबाहेर पडली होती, आपल्या दोन्ही पायांवर.