सिव्हिरिटी दहा

जगावर आजवर जी संकटं आलीच नाहीत, ती केवळ माझ्या साडूंनी त्यांची आगाऊ काळजी करून ठेवली म्हणून, असं माझं ठाम मत आहे. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये राहणारे हे गृहस्थ मोटारींच्या ब्रेकचे क्वालिटी इंजिनिअर. एखादा भाग बिघडण्याची शक्यता किती, आणि बिघडलाच तर परिणाम किती गंभीर, याला एक ते दहा असे आकडे देणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. दुर्दैवानं हे काम ते ऑफिसात ठेवून घरी येत नसत. माझ्या लग्नाच्या पंगतीत मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावणार तेवढ्यात ते कानाशी लागले, "जपून हो साडूभाऊ. प्रॉबॅबिलिटी कमी आहे, पण सिव्हिरिटी दहा!" कशाची, ते सांगितलं नाही. मठ्ठा दिसला की मला अजून धसका बसतो.

अशा माणसाबरोबर आम्ही दोन्ही कुटुंबं एका सप्टेंबरात जर्मनीच्या उत्तरेला, मेकलेनबुर्गच्या तळ्यांवर सुट्टीला गेलो. हट्ट त्यांच्या मुलीचा, इराचा. तिसरीतली पोर, शाळेत समुद्री गरुडाबद्दल ऐकून आली होती. तिला गरुड बघायचा होता, रानडुक्कर बघायचं होतं आणि बाबांबरोबर होडीत बसून मासा पकडायचा होता. इराला मराठी सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्येच येई. "ही हळूहळू हातातून निसटतेय हो," असं साडू मला फोनवर म्हणत. बाकी सगळ्या काळज्या ते आकड्यांत सांगत, ही मात्र नुसतीच सांगत. म्हणूनच या सुट्टीला त्यांनी एका दमात होकार दिला आणि दुसऱ्या दमात काळजी सुरू केली.

पहिली काळजी गोचिडींची. त्या चटकन दिसाव्यात म्हणून सगळ्यांना पांढरे कपडे आणि पँटी मोज्यांत खोचलेल्या. आमची वरात जंगलात शिरली की कोणाच्या तरी दहाव्याला निघालोय असं वाटे. परतल्यावर दारातच भिंग घेऊन तपासणी. माझ्या पाठीवरच्या तिळाला त्यांनी तीनदा चिमटा लावला. मग रानडुकरं. ती बिचकून लांब राहावीत म्हणून साडू स्टीलची ताटली आणि डाव बडवत पुढे चालत. डुकरं लांब राहिलीच, पण हरणं, बगळे, करकोचे आणि पक्षी बघायला आलेली दोन जर्मन म्हातारी माणसंही लांब गेली. अभयारण्याच्या रक्षकाला त्यांनी विचारलं, समुद्री गरुड लहान मूल उचलू शकतो का? तो "नाईन", म्हणजे नाही, म्हणाला, आणि मग जर्मन माणसाच्या काटेकोरपणाला जागून पुढे म्हणाला, "आजवर तरी नाही." त्या 'आजवर'नं घात केला. त्यानंतर इरावर सतत उघडी छत्री.

चौथ्या दिवशी न्याहारीला इरानं चमचा खाली ठेवला आणि शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, तुझ्याबरोबर काहीच करता येत नाही." मग माझ्याकडे वळून, होडीत तूच चल, असं सांगून बाहेर गेली. साडू ब्रेडला लोणी लावत राहिले. ब्रेड फाटला तरी लावत राहिले. "अहो, ऐकलंत ना?" मेहुणी म्हणाली. "पोहता तुम्हाला येत नाही. तिला येतं. पोहण्याच्या परीक्षेचा बिल्ला तिच्या पोहायच्या कपड्यावर मीच शिवलाय. मग घाबरता कुणासाठी?"

मी आणि इरा होडीत बसलो, दोर सोडणार, एवढ्यात धक्क्यावर साडू अवतरले. स्वेटरवर लाइफ जॅकेट आणि त्यावर दुसरं लाइफ जॅकेट. हातात डबा. शाकाहारी घर, गांडुळं हाताळणार कोण? आमिष म्हणून पोळ्यांची कणीक आणली होती, हिंग घालून. "आल्झो, चला," म्हणाले आणि डोळे मिटून होडीत पाय टाकला. तळ्याच्या मध्यावर वारा सुटला, होडी डोलू लागली. साडूंच्या ओठांचा रंग गेला. दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरलेली. वल्ही मारता मारता मलाच भीती वाटू लागली की हा माणूस आता कोसळतो. तेव्हा इरानं गळ खाली ठेवला, गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापाशी गेली आणि त्यांचा हात धरून चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, घाबरू नकोस. मी आहे ना."

हे वाक्य साडूंचंच. प्रत्येक इंजेक्शनला, प्रत्येक पडलेल्या दाताला ते तिला हेच सांगत आले होते. पोरीनं ते जपून ठेवलं होतं.

त्या हिंगाच्या कणकेला मासाही लागला. "अगं, लागलं असेल त्याला!" म्हणत साडूंनी खिशातून व्हर्नियर काढला, मासा मोजला, कायद्यानं ठरलेल्या मापापेक्षा लहान निघाल्यावर "गेनाऊ! बरोब्बर!" असं ओरडून हलकेच पाण्यात सोडला आणि तो नीट पोहतोय ना, हे होडीबाहेर वाकून पाहिलं. वाकताना कड सोडली आहे, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. आणि मग खरंच गरुड आला. इरानं पाहिला, मी पाहिला. साडूंनी नाही पाहिला. ते इराकडे बघत होते.

इरा आता मोठी झाली. मागच्या वर्षी ती गरुडांच्या अभ्यासाला स्वीडनच्या पार उत्तरेला निघाली, तेव्हा स्टेशनवर मीही होतो. साडूंनी एकही सूचना दिली नाही. नुसता हात हलवत राहिले. गाडी दिसेनाशी झाली तसं मी गमतीनं विचारलं, "काय साडूभाऊ, सिव्हिरिटी किती?"

"दहा," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण जाऊ द्यायलाच हवं ना हो."