हार घातलेली फळी
झेंडूचा वास आला की अंबरनाथच्या कारखान्यातला तो दसरा आठवतो. बाटल्या भरणारं यंत्र अजून तयार व्हायचं होतं, म्हणून त्याचा प्रोग्राम मी लाकडी फळीवर तपासत होतो. व्हॉल्व्हच्या जागी दिवे, बाटल्यांच्या जागी बटणं. उल्हासनगरचे गिऱ्हाईक शेठ चाचणी बघायला आले. त्यांनी ऑर्डर रद्द केली असती तर माझी नोकरी गेली असती. पण आमच्या फिटरने सकाळीच फळीला हार घातला होता. “शेठ, पूजा झालीय. आज मशीन चालवायचं नाही.” शेठ हसले. “अरे, मशीन किधर है? ही तर दिवाळीची लायटिंग!” फिटर फळीपुढून हलेना. शेठ त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी बूट काढले. “तू मशीन मानतोस, तो मैं भी मानता हूँ. उद्या दाखव.” ऑर्डरचा ॲडव्हान्स आमच्या मालकांना दुसऱ्या दिवशी, चाचणीनंतर मिळाला. त्या दिवशी शेठनी दिले ते फक्त अकरा रुपये, आणि तेही फळीला.