वरच्या कप्प्यातला संप

प्रयोगशाळेत एकवीस वर्षे उभ्याउभ्याने जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटा तयार करणाऱ्या आणि त्यांवरचे ठिपके मोजणाऱ्या तंत्रज्ञाला सहकारी 'अर्जबुवा' म्हणत. प्लेटा उबेत ठेवायच्या कपाटातला, म्हणजे इनक्युबेटरमधला, पंखा बंद असल्याचे अकरा अर्ज त्यांनी निर्दोष भाषेत लिहिले होते. अकराही अर्जांवर 'नोंद घेतली' असा शेरा पडला. पंख्याने मात्र कशाचीही नोंद घेतली नाही.

आणि आता कारणे दाखवा नोटीस आली ती त्यांनाच! जिवाणूंच्या दुधाळ थरात विषाणू वाढला, की तो जिवाणू फोडून बाहेर पडतो आणि तिथे स्वच्छ ठिपके उमटतात. तीन आठवडे निम्म्या प्लेटांवर ठिपक्याचा मागमूस नव्हता. अर्जबुवा विषाणू घालायलाच विसरतात, असा निष्कर्ष निघाला. शुक्रवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर भांडारात बदली.

"अहो, चूक झाली म्हणून टाका आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"केलेली चूक नाकारणारे खातेप्रमुख होतात, आणि न केलेली कबूल करणारे भांडारात जातात!"

गुरुवारी त्यांनी खातेप्रमुख मॅडमच्या डोळ्यांदेखत एकाच मिश्रणातून बारा प्लेटा भरल्या, प्रत्येकीवर मॅडमची सही घेतली आणि इनक्युबेटरच्या वरच्या कप्प्यात सहा, खालच्यात सहा ठेवल्या. सकाळी खालच्या प्लेटा ठिपक्यांनी भरल्या होत्या. वरच्या दह्यासारख्या कोऱ्या.

"वरच्यांत घातलाच नसेल."

"सही आपली आहे, मॅडम."

मग अर्जबुवांनी इनक्युबेटरमधल्या थर्मामीटरचा दोरा कापला. मान वर करावी लागू नये म्हणून कुणा पुण्यात्म्याने तो खालच्या कप्प्याला बांधला होता, आणि सगळे इमानेइतबारे रोज सदतीस अंश लिहीत होते. वर ठेवताच पारा बेचाळीसवर चढला. पंख्याअभावी सारी ऊब वर साचत होती. जिवाणूंना ती मानवत होती. विषाणू मात्र त्यांच्या पोटात शिरूनही संपावर बसला होता.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मॅडम म्हणाल्या.

अर्जबुवांनी कपाटातून फाईल काढली. मॅडमनी ती न उघडताच नोटीस फाडायला घेतली.

"फाडू नका. मागे घेतली, असं लिहून द्या."

मॅडमनी दात-ओठ खात लिहून दिले. तो कागद अर्जबुवांनी घरी बायकोपुढे अदबीने ठेवला.

"म्हणजे भांडार टळलं?" तिचा चेहरा पडला. "मला वाटलं होतं, तिथे निदान बसायला खुर्ची तरी मिळेल तुम्हाला."