वाळवीतले जिवाणू

शेजारीपाजारी तिला किडेबाई म्हणत. पन्नाशीला टेकलेली एकटी बाई भोकं पाडलेल्या डब्यातून झुरळं घेऊन कामावर जाते म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? खरं तर तिचं काम किड्यांच्या पोटातल्या जिवाणूंशी. त्यांची जनुकं अक्षर न् अक्षर ताडून पाहायची, कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, ते ठरवायचं आणि गट पाडायचे.

आई गेल्यापासून घर मुकं झालं होतं. प्रयोगशाळेत मात्र दुपारी चौघीजणी मिळून डबा खात. तिच्या दिवसातला तेवढा अर्धा तासच बोलका.

एकदा शीतपेटीतल्या दोन नळ्यांची लेबलं सुटायला आली होती. नवी लावण्याआधी खात्री करावी म्हणून तिने नमुन्यांची जनुकं पुन्हा वाचली. झुरळातला जिवाणू वाळवीच्या नळीत होता, वाळवीतला झुरळाच्या. लेबलं तिच्याच हातची, तीन वर्षांपूर्वीची. त्याच नमुन्यांवर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी नवा गट मांडून शोधनिबंध छापला होता.

तिने जाऊन सांगितलं तसं सरांनी दार लावून घेतलं. "कुणाला बोललीस?"

"नाही, सर."

"मग कशाला उकरून काढतेस? कोण बघायला येतंय?"

"मी बघितलंय ना."

सर आठवडाभर धुमसले. शेवटी दुरुस्ती छापली. चूक आपली, असं तिने लिहून दिलं होतं. पण नवा प्रकल्प बारगळला, आणि त्या तिघींनी डब्याला तिला हाक मारणं सोडलं. ती जिन्याखालच्या बाकावर बसून जेवू लागली.

दोन महिन्यांनी दूरच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या संशोधकाचं पत्र आलं. "बाई, माझे वाळवीतले जिवाणू काही केल्या तुमच्या गटात बसेनात. मला वाटलं, वय झालं, आपलाच हात चुकतोय. काम सोडायच्या बेतात होतो. परवा तुमची दुरुस्ती वाचली आणि पुन्हा सुरू केलं."

तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. "अगं, एक पत्र आलंय."

"बढतीचं?"

"नाही गं."

"मग राहू दे. आधी माझं ऐक, आमच्या धाकट्या पोराने नोकरी सोडली…"

तिने वीस मिनिटं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये हुंकार दिला. मग टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि उत्तर लिहायला घेतलं. तुमची वाळवी कुठल्या लाकडातली? जिवाणू किती दिवसांत वाढतात? विचारता विचारता चार पानं भरली.