तीन फुल्या

पुरुषोत्तम सबनीसांना कौन्सिलर व्हायचं होतं. तरुणपणी नागपूरहून लंडनच्या इल्फर्डला आले, एका विमा कंपनीत खाली मान घालून नोकरी केली, रिटायर झाले आणि या सगळ्या काळात पक्षाची पत्रकं वाटत राहिले. पावसात वाटली, बर्फात वाटली, लेटरबॉक्सच्या झडपेत बोटं चेंगरून घेत वाटली. बदल्यात पक्षाने त्यांना काय दिलं? ख्रिसमस पार्टीला समोसे आणायचा मान. आणि ते तळायचे बायकोने, वीणाताईंनी.

दोन हजार सहाच्या निवडणुकीत मात्र पक्षाने त्यांना उभं केलं. वॉर्डातून तीन कौन्सिलर निवडायचे होते, म्हणून पक्षाचे उमेदवारही तीन: ग्रॅहम, बार्बरा आणि सबनीस. प्रत्येक मतदाराला तीन मतं. तीन नावांपुढे फुल्या मारायच्या, की झालं. आजवर पक्षाचे तिघे एकदमच निवडून येत आले होते, त्यामुळे सबनीस आतापासूनच कौन्सिलरसारखे खाकरायला लागले होते.

मराठी मंडळातली झाडून सगळी घरं त्यांच्या पाठीशी होती. त्यात पुण्याहून व्हिसावर आलेली सॉफ्टवेअरची पोरंही होती. भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं, हे या पोरांना सबनीसांनीच पटवून दिलं होतं. त्यातल्याच प्रणवने एका संध्याकाळी सबनीसांच्या दिवाणखान्यात डोकं चालवलं.

"काका, प्रत्येकाला तीन व्होट्स आहेत, पण तीनही वापरलेच पाहिजेत असं कुठेय? आपण फक्त तुम्हाला एक फुली मारू. बाकी दोन ब्लँक. म्हणजे तुम्ही त्या दोघांच्या पुढे."

"छे, छे! दॅट्स नॉट डन, प्रणव," सबनीस दुखावल्यासारखे म्हणाले. "असला जातभाईपणा इथे चालत नाही. त्यांचे लोक मला मत देणार, आपले लोक त्यांना देणार. तिघांनाही फुल्या. आय ॲम अ पार्टी मॅन."

वीणाताई म्हणाल्या, "अहो, पोरगं बरोबर बोलतंय."

"तुला यातलं काही कळत नाही," सबनीस म्हणाले. विषय संपला.

मतदानाच्या दिवशी वीणाताईंनी गाडीच्या चकरा मारमारून एकेकाला केंद्रावर नेलं. मंडळातल्या स्वातीचे दिवस भरत आले होते, तीही पोट सांभाळत गेली. सगळ्यांनी सांगितल्याबरहुकूम तीन फुल्या मारल्या. आपल्या माणसांना शिस्त नाही, असं कोण म्हणतं?

शुक्रवारी सकाळी स्पोर्ट्स हॉलमध्ये मोजणी सुरू झाली. टेबलापलीकडे उभं राहून उमेदवारांना मतपत्रिका बघता येतात. सबनीसांच्या स्वतःच्या रस्त्यावरच्या केंद्राची पेटी उघडली, तेव्हा ते हसतमुखाने पुढे झुकले. या रस्त्यावर त्यांनी शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसला होता, सुट्टीवर गेलेल्यांची मांजरं सांभाळली होती.

ग्रॅहमपुढे फुली, बार्बरापुढे फुली, सबनीसांपुढे कोरं. दुसरी मतपत्रिका, तेच. तिसरी, चौथी, तेच. कुणी तिसरी फुली विरोधी पक्षाच्या एखाद्या गोऱ्या नावाला दिली होती, कुणी कुणालाच दिली नव्हती. वाया गेली तरी चालेल, पण याला नको. सबनीस हळूच मागे सरकले. एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती का वाटावी हेही त्यांना कळेना, कारण चूक तर त्यांची नव्हती.

ग्रॅहम आणि बार्बरा निवडून आले. तिसरी जागा विरोधकांनी नेली. बार्बरा सबनीसांच्या जेवढी पुढे होती, त्याहून मंडळाची मतं जास्त होती. प्रणवचं ऐकलं असतं तर बार्बरा मागे पडून सबनीस आले असते. हा हिशोब त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या केला.

ग्रॅहमने खांद्यावर हात टाकला. "यादी अक्षरांच्या क्रमाने असते ना, लोक खालपर्यंत वाचतच नाहीत. बॅड लक, पुरू." बार्बराचं आडनाव व्हिटलॉक, W वरून; ते यादीत सबनीसांच्या S च्याही खाली होतं. सबनीस म्हणाले, "क्वाइट राइट."

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता. भाषणाची वेळ झाली, तेव्हा सबनीस माइकपाशी गेले. खरं सांगायचं तर उभं आयुष्य ज्यांच्या दारांत पत्रकं टाकली, त्यांनी आपल्याला कधी माणसांत धरलंच नव्हतं, हे कबूल करावं लागणार होतं. तेवढी छाती त्या माणसात नव्हती.

"इंग्लिश लोकांनी मला भरभरून मतं दिली," ते म्हणाले. "कमी पडली ती आपलीच माणसं. ऐन वेळी घराबाहेर पडली नाहीत."

हॉलमधले लोक एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाला वाटलं, मी तर गेलो होतो, म्हणजे शेजारी बसलाय त्याने दगा दिला. तान्हं बाळ मांडीवर घेऊन आलेली स्वाती रडायला लागली.

वीणाताई पहिल्याच रांगेत होत्या. त्या दिवशी कोण कोण गेलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या नवऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या. सबनीसांनी त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे नजर लावली आणि तेच वाक्य पुन्हा, या वेळी जरा मोठ्याने, म्हटलं.