भगवे टीशर्ट

“ह्या दोघी नसत्या तर आपण एव्हाना तिसऱ्या डोंगरावर असतो,” पुढून काका म्हणाले आणि बाकीचे हसले. ह्या दोघी म्हणजे मी आणि त्यांचीच बायको. ओल्या सुती कापडाचा वास आला की मला अजून अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा तो दिवस आठवतो. आमच्या मराठी ग्रुपला एका दिवसात तीन डोंगर करायचे होते. लीडर काका, कारण त्यांनी म्हणे सगळा सह्याद्री पालथा घातला होता. फोटोसाठी त्यांनी सगळ्यांना भगवे सुती टीशर्ट वाटले आणि जॅकेटं गाडीतच ठेवायला लावली. “चालताना घाम येतो यार, आणि टीशर्ट दिसले पाहिजेत.” मी माझं जॅकेट गुपचूप सॅकमध्ये कोंबलं. सकाळी लख्ख ऊन होतं. झाडी संपली तसं धुकं आलं, मग आडवा पाऊस, आणि दुसऱ्या माथ्यावर गारांचा मारा. काकू थरथरत होत्या. मी माझं जॅकेट त्यांच्या अंगावर घातलं, पण त्यांना चेन लावता येईना. बोलताना त्यांची जीभ जड झाली होती. “नाटकं पुरे. फक्त एक डोंगर राहिलाय,” काका त्यांच्यावर खेकसले. मी कुणाशी फारसं बोलत नसे, काकांशी तर नाहीच. मी हात पुढे केला आणि म्हणाले, “काका, गाडीची किल्ली द्या. मी काकूंना खाली नेतेय.”